अनोळखी नंबर आणि आपला गल्ला

मोबाईलवर येणाऱ्या नकोशा आणि लबाड फोनबद्दल जेथे तेथे एकच सल्ला ऐकू येतो : अनोळखी नंबर उचलू नका. पेन्शनर माणसाला हा सल्ला ठीक आहे. व्यापाऱ्याला आणि कारागिराला तो परवडत नाही. मिरजेत सतार-तंबोरा बनविणाऱ्या कारागिराला परगावचा कलावंत चौकशी करतो ती अनोळखी नंबरावरूनच. मालेगाव-भिवंडीच्या लूमवाल्याला कापडाचा नवा दलाल, येवल्याच्या पैठणी विणकराला लग्नघरचे गिऱ्हाईक, अत्तरवाल्याला परजिल्ह्यातील घाऊक दुकानदार, हे सगळे पहिल्या फोनला अनोळखीच असतात. आपला नंबर तर आपणच दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर, पिशवीवर छापून घेतो. ज्या नंबरावर रोजी येते त्याच नंबरावर ठकही येतो. म्हणून फोन टाळावा कसा यापेक्षा उचलल्यावर समोरचा माणूस ओळखावा कसा, याचाच विचार आम्ही येथे प्रामुख्याने करणार आहोत.

प्रश्न किती मोठा आहे हे एका आकड्यावरून कळेल. सायबर फसवणुकीत देशातील लोकांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले होते. २०२४ मध्ये ही रक्कम २२,८४५ कोटींवर गेली. हे आकडे सरकारनेच लोकसभेत दिलेले आहेत. ज्यांनी लाजेपायी तक्रारच केली नाही त्यांचा हिशेब यात नाही.

प्रथम एक फरक ध्यानात घ्यावा. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, विमा काढा असे सांगणारा फोन हा उपद्रव आहे. तो वेळ खातो, पैसा खात नाही. त्याच्यावर उपाय सोपा आहे. १९०९ या नंबरावर फोन करून, किंवा इंग्रजीत स्टार्ट हा शब्द व पुढे शून्य असा मेसेज त्याच नंबरावर पाठवून जाहिरातीचे फोन बंद करून घेता येतात. तरीही फोन आला तर सात दिवसांच्या आत तक्रार करता येते. पूर्वी ही मुदत तीन दिवसांची होती; फेब्रुवारी २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ती वाढविली, आणि नाव नोंदविलेले नसले तरी तक्रार घेतली जाईल अशी सोय केली. पण आमच्या वाचकांनी एक गैरसमज काढून टाकावा. ही नोंदणी कायदा पाळणाऱ्या कंपन्यांना थांबवते. चोर दारावरची पाटी वाचून परत जात नाही.

नंबरावरून थोडीफार ओळख पटू शकते. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत. बँक, विमा वगैरे संस्थांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ची मालिका आहे, आणि व्यापारी बँकांनी ती वापरू लागावे यासाठी ट्रायने १ जानेवारी २०२६ ही मुदत दिली होती. तेव्हा साध्या दहा आकडी मोबाईल नंबरावरून कोणी "मी बँकेतून बोलतो, तुमचे केवायसी संपले आहे" म्हणाला तर फोन ठेवावा आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन करावा. इंटरनेटवर बँकेचा नंबर शोधू नये. तेथे ठकांनी स्वतःचे नंबर "कस्टमर केअर" म्हणून पेरून ठेवलेले असतात. मेसेजच्या बाबतीतही २०२५ पासून पाठविणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येते : पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. पैसे जमा झाल्याचा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरावरून आला असेल तर तो बँकेचा नव्हे.

ट्रूकॉलरसारख्या ॲपवर दिसणाऱ्या नावावर मात्र फार भिस्त ठेवू नये. "बँक मॅनेजर" हे नाव तेथे कोणीही लावून घेऊ शकतो. उलट "फ्रॉड" असे लाल अक्षरात आले तर ती खूण उपयोगी आहे. थोडक्यात, ॲपने वाईट म्हटले तर ऐकावे. चांगले म्हटले तर स्वतः खात्री करावी.

आता ज्या फसवणुकी खास आपल्या लोकांसाठी रचलेल्या असतात त्या पाहू.

फौजी गिऱ्हाईक

फोन येतो. बोलणारा अदबीने बोलतो, मी फौजेत आहे, आमच्या युनिटला पन्नास जणांचे जेवण हवे, किंवा वीस गाद्या, किंवा दहा लोखंडी कपाटे. भाव करत नाही. हीच पहिली खूण! आपल्या बाजारात भाव न करणारे गिऱ्हाईक असते कोठे? व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र येते. माल तयार झाला की म्हणतो, फौजेचे पेमेंट वेगळ्या पद्धतीने होते. मी क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा, आधी पाच रुपये टाकून बघा, तुम्हाला दहा परत येतील. दहा येतातही. मग दुसरा क्यूआर येतो, पिन टाकायला सांगितले जाते आणि खात्यातून पंचवीस हजार जातात.

यूपीआयचा पिन हा पैसे देण्यासाठी असतो. घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. क्यूआरही देणारा स्कॅन करतो, घेणारा नाही. एवढे एक वाक्य गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला पाठ असले तर फौजी, कंत्राटदार, हॉटेलवाला अशी सगळी सोंगे तेथेच गळून पडतात. वैयक्तिक खात्यांमधील "पैसे मागण्याची" सोय यूपीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, त्यामुळे एक वाट बुजली आहे. क्यूआरची वाट मात्र उघडीच आहे. नगद किंवा थेट खात्यात आगाऊ रक्कम जमा झाल्याशिवाय मोठ्या ऑर्डरला हात लावू नये, मग समोरचा फौजी असो की शेठ. कारण पैसे वाचले तरी ५० माणसांची शिजवलेली बिर्याणी कोठे नेणार?

चुकून आलेले पैसे

ही चाल माणसाच्या ईमानदारीवरच घाव घालते, म्हणून आम्हाला ती सर्वांत नीच वाटते. फोनवर एखादी बाई रडत सांगते, दवाखान्यात दोन हजार पाठवायचे होते, चुकून तुमच्या नंबरावर वीस हजार गेले, कृपा करून अठरा हजार परत करा. तेवढ्यात वीस हजार जमा झाल्याचा मेसेजही येतो. परक्याचा पैसा घटकाभरही आपल्याकडे राहू नये असे मानणारा दुकानदार घाईघाईने अठरा हजार पाठवतो. मेसेज खोटा होता, वीस हजार आलेच नव्हते, हे त्याला संध्याकाळी हिशेब जुळवताना कळते.

परक्याचा पैसा परत करणे हे कर्तव्यच आहे. पण प्रथम तो आला आहे का ते मेसेजवर नव्हे, बँकेच्या ॲपमधील शिलकीवर किंवा पासबुकात पाहावे. खरोखर आला असेल तरी आपण होऊन दुसऱ्या नंबरावर पाठवू नये. त्या व्यक्तीला तिच्या बँकेत तक्रार करायला सांगावे आणि आपल्या बँकेला लेखी कळवावे. कारण कधी कधी पैसे खरे असतात, फक्त ते तिसऱ्याच कोणाकडून लुबाडलेले असतात. त्याचा त्रास काय होतो ते पुढे येईलच.

वर्दीची धास्ती

तिसरा प्रकार "डिजिटल अरेस्ट"चा. तुमच्या आधारवर सिम काढले गेले, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला, असे सांगून व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस उभा केला जातो. कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कोणाला सांगू नका, "तपासणीसाठी" पैसे सरकारी खात्यात भरा. आपल्या समाजातील माणसाच्या मनात पोलीस, चौकशी, एजन्सी या शब्दांची धास्ती जरा अधिकच असते. का असते हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ठकाला ती नेमकी ठाऊक असते आणि नाव ऐकूनच तो आपली गोष्ट निवडतो.

पण फसतात ते केवळ भोळे, कमी शिकलेले लोक, असे कोणी समजू नये. लुधियानाच्या वर्धमान या बड्या कापड उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना २०२४ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, अशाच टोळीने ७ कोटींना लुबाडले. व्हिडिओवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी आणि खोटे सरन्यायाधीश उभे करण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. त्यांनी तक्रार केली म्हणून सुमारे सव्वापाच कोटी परत मिळाले.

कायदा काय म्हणतो ते माहीत असले की धास्ती निम्मी होते. फोनवर अटक ही गोष्ट भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवरून हेच सांगितले. खरी अटक झाली तर कारण सांगणे, वकील भेटू देणे आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर नेणे हे संविधानाच्या कलम २२ ने बंधनकारक केले आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवर बजावलेली चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा अशा फोनला उत्तर एकच : "नोटीस घेऊन दुकानावर या, आमच्या पोलीस ठाण्यामार्फत या." आणि फोन ठेवून लगेच घरात व शेजारच्या दुकानात सांगावे. या ठकांचे सारे सामर्थ्य "कोणाला सांगू नका" या तीन शब्दांत आहे.

फोन करणारा पोरगा प्रत्येक वेळी स्वतःच्या मर्जीने तेथे बसलेला असतो असेही नाही. थायलंडमध्ये नोकरी आहे म्हणून नेलेल्या तरुणांना म्यानमारमधील अड्ड्यांत डांबून हेच काम करवून घेतले जाते. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना दोन विमानांतून परत आणावे लागले. परदेशी नोकरीसाठी मुले पाठविणाऱ्या आपल्या वस्त्यांनी एजंटाची चौकशी का करावी, याचे हे एक ताजे कारण.

बाकीचे प्रकार थोडक्यात. आज रात्री वीज तोडणार असा फोन आला तर बिलावरच्या नंबरावर विचारावे. गाडीचे चलन, लग्नाची पत्रिका किंवा सरकारी योजना म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल उघडू नये. ती आपल्या फोनचे मेसेज दुसऱ्याच्या हाती देते. "मदतीसाठी" एनीडेस्कसारखे ॲप टाकायला सांगणाऱ्याचा फोन तात्काळ बंद करावा. स्वस्त उमरा पॅकेजची रक्कम केवळ फोनवरच्या बोलण्यावर कधीही भरू नये. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवर अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय सुरू करून द्यावी. व्हॉट्सॲपमध्येही ती २०२३ पासून आहे. दुकानाच्या फोनवर ती नको. दुकानासाठी आम्ही सुचवू ते असे : गिऱ्हाइकांचा नंबर वेगळा ठेवावा, बँक व यूपीआयला जोडलेला नंबर वेगळा, आणि तो दुसरा कोणत्याही पाटीवर छापू नये. महिन्याचा थोडा खर्च वाढतो, परंतु तो चोख वसूल होतो.

पैसे गेलेच तर

मित्राला फोन, मग मोबाईल दुकानवाल्याला फोन, मग दुसऱ्या दिवशी बँक, असा आपल्याकडे क्रम असतो. तोपर्यंत पैसा चार खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर पडलेला असतो. पहिला फोन १९३० ला करावा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवावा; तेथून पुढच्या बँकांना कळवून पैसा अडविला जातो. मग केंद्राच्या सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार पूर्ण करून पोच जपावी आणि बँकेलाही लेखी द्यावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने तत्त्व असे घातले, की ग्राहकाने स्वतः पिन-ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे प्रत्येक तासाला किंमत आहे. पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन आला, तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर "चक्षू" विभागात तो नंबर नोंदवावा.

आता मघाशी म्हटले ते. लुबाडलेला पैसा हातोहात फिरत एखाद्या निर्दोष दुकानदाराच्या खात्यात येतो आणि पोलिसांच्या सूचनेवरून त्याचे खाते गोठते. चपलेचा एक जोड विकला आणि पगाराच्या दिवशी पूर्ण खाते बंद, असे छोट्या व्यापाऱ्यांबाबत घडले आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात सांगितले, की वादातील रकमेपुरतीच रोख लावावी, पूर्ण खाते बंद करू नये. हा निकाल केरळचा असला तरी बँकेपुढे दाखविण्यासारखा आहे. मात्र आपल्याकडे बिल हवे. कोणता माल, कोणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या यूपीआयवरून पैसे आले, एवढे लिहिलेले असले तर पोलिसांपुढे बोलायला तोंड राहते. गिऱ्हाईक एक आणि पैसे पाठविणारा परगावचा तिसराच, असे असेल तर मोठी रक्कम स्वीकारण्यापूर्वी विचारावे.

शेवटी हाताखालच्या पोरांविषयी. दोन-पाच हजार घेऊन आपले बँक खाते, एटीएम कार्ड आणि सिम "महिनाभर वापरायला" देण्याचा धंदा बेकार तरुणांत पसरला आहे. ठकांचा पैसा याच भाड्याच्या खात्यांतून वाहतो. फोन करणारा परदेशात, मात्र खातेदाराचा पत्ता आपल्या मोहल्ल्यातला, त्यामुळे पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात. कारखान्यात कोणी असा प्रस्ताव आणला तर मालकाने पोराला बाजूला घेऊन हे समजावून सांगावे. काही ठिकाणी मालकच परप्रांतीय कारागिरांना आपल्या आधारवर सिम काढून देतात आणि कारागीर गावी गेला की ते सिम विसरतात. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे संचार साथीवर स्वतःचा नंबर व ओटीपी टाकून दोन मिनिटांत दिसते, आणि नको ते तेथूनच बंद करण्याची विनंती करता येते. या जुम्म्याला दुकान बंद असेल त्या वेळात हे पाहून घ्यावे.