पाना घेताना तोंड पाहून घ्या



बियाणं घेताना आपण चार दुकानं फिरतो, पिशवीवरची तारीख वाचतो, शेजाऱ्याला विचारतो. पाना घेताना मात्र बाजारातून जाता जाता ढिगातला एक उचलतो आणि पिशवीत टाकतो. तो ज्या दिवशी दगा देतो, तो दिवस नेमका पाण्याच्या पाळीचा असतो.

मी कृषी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हाची आमच्या घरची गोष्ट सांगतो. गहू पेरून वीस दिवस झाले होते. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी गव्हाला मुकुटमुळे फुटतात, त्या वेळचं पाणी चुकवायचं नसतं. नेमका विहिरीवरचा पंप हवा धरू लागला. सक्शन पाईपच्या फ्लँजमधलं रबरी पॅकिंग गेलं होतं. काम म्हणाल तर चार बोल्ट खोलायचे आणि पॅकिंग बदलायचं. तीन निघाले. चौथ्याला जोर दिला तसं पान्याचं तोंड फाकलं, बोल्टच्या डोक्याचे कोपरे झडले आणि वडिलांचा हात विहिरीच्या दगडावर आपटला. दोन बोटं सोलली. छिन्नीने तो बोल्ट काढेपर्यंत विजेची पाळी संपली. गव्हाला पाणी मिळालं ते २९ व्या दिवशी, आणि त्या वर्षी फुटवे कमी आले ते आले. पाना स्वस्त होता, एवढंच त्याचं कौतुक.

ही गोष्ट दोन तोंडाच्या उघड्या पान्याची, ज्याला गॅरेजवाले फिक्स पाना म्हणतात. असा पाना नटाला फक्त दोन बाजूंनी धरतो. रिंग पाना चहूबाजूंनी धरतो. म्हणून गच्च बसलेला नट आधी रिंग पान्याने ढिला करायचा आणि मग फिक्स पान्याने भराभर काढायचा, ही चांगल्या मिस्त्रीची रीत. पण डिझेलच्या नळीचा नट असेल तर रिंग वरून घालता येत नाही, नळी आडवी येते. तिथे फिक्स पाना लागतोच. त्याचं तोंड दांड्याशी सरळ नसून १५ अंश तिरपं असतं, तेही कारणाने. अडचणीच्या जागी पाना थोडा फिरवायचा, काढून उलटा करायचा आणि पुन्हा लावायचा, म्हणजे ३० अंशांच्या हालचालीतही नट पुढे सरकत राहतो.

आता नंबराचा घोळ. पान्यावर १९ लिहिलं असेल तर तो नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधला अंतराचा आकडा, मिलिमीटरमध्ये. बोल्टची जाडी नव्हे. ८ मि.मी. जाडीच्या बोल्टला साधारणतः १३ चा पाना लागतो, १० च्या बोल्टला १७ चा, १२ च्या बोल्टला १९ चा, १६ च्या बोल्टला २४ चा. अलीकडच्या काही बोल्टांवर १० ला १६ आणि १२ ला १८ येतो. म्हणून अंदाजावर जाऊ नका, नटच खिशात घालून दुकानात जा.

जुन्या ट्रॅक्टरवर आणि जुन्या धाटणीच्या इंजिनांवर इंची नट असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी., त्यावर १३ चा पाना कसाबसा चालतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५, तिथे १९ चा चांगला पाना बहुधा बसतो. पण नऊ सोळांश इंच म्हणजे १४.२९. त्यात १४ चा जात नाही आणि १५ चा खेळतो. नट गोल होण्याची सुरुवात इथेच होते. अशा यंत्राला इंची पानाच घ्यावा. आणखी एक गंमत: व्हिटवर्थ पद्धतीच्या पान्यावरचा आकडा तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. त्यामुळे दोन पान्यांवर अर्धा इंच लिहिलेलं असूनही तोंडं वेगवेगळी दिसली तर दुकानदाराशी भांडू नका.

दुकानात काय पाहायचं? सगळ्यात आधी तोंड. नवा नट किंवा नवा बोल्ट त्यात घाला. जोर न लावता सरकन बसला पाहिजे आणि बसल्यावर डुगडुगता कामा नये. तोंडाच्या दोन्ही आतल्या बाजू एकमेकींना समांतर हव्यात. उजेडासमोर धरून पाहिलं की टोकाशी जास्त फट आहे का ते कळतं. माझ्या मते चकाकीपेक्षा ही एक परीक्षा शंभर पटीने खरी आहे.

मग पाठ पाहा. चांगला पाना तापवलेल्या पोलादावर घणाचे ठोके देऊन साच्यात घडवलेला असतो आणि नंतर त्याला पाणी दिलेलं असतं. ओतीव पाना वरून वाळूसारखा खरखरीत लागतो, कुठे बारीक छिद्रं दिसतात. तो कितीही जाड असला तरी घेऊ नका, कारण ओतीव लोखंड वाकत नाही, एकदम तुटतं. मुलामा सुटून पापुद्रे निघत असतील तरी नको, ते पापुद्रे बोटात घुसतात. आकडा धातूत ठसवलेला हवा, रंगाने छापलेला किंवा चिकटवलेला नको. ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरं असणं चांगलं, पण ती कोणीही उमटवू शकतो. उघड्या पान्यांसाठी भारतीय मानक आहे, आय.एस. २०२८. पान्यावर किंवा खोक्यावर आय.एस.आय. चिन्ह असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बी.आय.एस. केअर’ या मोबाईल ॲपवर तपासता येतो. घरात मुलं आहेतच, त्यांना सांगा.

घरच्या जुन्या पान्याची परीक्षा कानशीने करता येते. कानस साबणात जावी तशी रुतली, तर पाना मऊ, त्याचं तोंड फाकणार. काचेवरून जावी तशी नुसती घसरली, तर तो फार कडक, फुटण्याची भीती. थोडी अडत, कुरकुरत लागली तर बरोबर. दुकानदार हे करू देणार नाही, त्याचंही बरोबर आहे.

बारा पान्यांचा चमकता संच घ्यायची गरज नाही. १०-११, १२-१३, १६-१७, १८-१९ आणि पंपाच्या फ्लँजसाठी २४-२७ एवढे पाच चांगले घेतले की बहुतेक काम भागतं. पैसे एकदम नसतील तर एकेक घ्या. स्क्रू पाना घरात असू द्या, पण गच्च नटावर तो लावू नका.

वापरताना पाना नटावर पूर्ण बसवा, टोकावर नको. शक्यतो आपल्याकडे ओढा. ढकलताना निसटला तर बोटं फुटतात. दांड्याला पाईप घालून लांबी वाढवायची सवय आपल्याकडे फार आहे. हिशेब साधा आहे. २० सेंटीमीटरच्या दांड्यावर ३० किलो जोर दिला, तर नटावर ६ किलो-मीटर पीळ बसतो. पाईप घालून दांडा ६० सेंटीमीटर केला की तोच जोर १८ चा पीळ देतो. १० मि.मी.च्या नेहमीच्या चांगल्या बोल्टला सुमारे ५ पुरतो. मग बोल्ट तुटतो नाहीतर पाना फाकतो, दोन्हीत नुकसान आपलंच. गंजलेला नट आधी तारेच्या ब्रशने साफ करा, रॉकेल किंवा डिझेल सोडा, हातोडीने नटाच्या बाजूंवर हलके ठोके द्या आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी बहुतेक वेळा निघतो.

फाकलेलं तोंड भट्टीत तापवून ठोकून आणू नका. तापवलं की पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि तो पाना पहिल्याच नटावर पुन्हा फाकतो. असा पाना खुंटी म्हणून वापरा, किंवा भंगारात द्या.

काम झालं की पाने फडक्याने पुसून, तेलाचा हात फिरवून जाड कापडाच्या गुंडाळीत ठेवा. युरियाच्या रिकाम्या पोत्यात किंवा फवारणीच्या औषधांशेजारी ठेवू नका, गंज लवकर धरतो. दांड्यावर आपल्या घरचा रंगाचा पट्टा ओढा, मागून नेलेला पाना ओळखू येतो. आणि इंजिन सुरू करण्याआधी पाने मोजा. पंख्याजवळ राहून गेलेला एक पाना रेडिएटर फोडायला पुरतो.