कडबा नेमका कोण पचवतो?

एरंडोल परिसरातल्या गोठ्यांत गायीपुढे ज्वारीचा कडबा आणि सरकीची ढेप पडते. कडब्यातला सेल्युलोज फोडणारे विकर तयार करण्याची जनुके गायीकडे नाहीतच. ते काम तिच्या कोटीपोटातल्या, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यातल्या सूक्ष्मजीवांचे. तिथल्या एका मिलिलिटर द्रवात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात, शिवाय आदिजीव, बुरशी आणि मिथेन सोडणारे आर्किया. ढेपेतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्यही बरेचसे तिथेच निष्प्रभ होते. म्हणूनच ज्याचे कोटीपोट अजून तयार झालेले नाही, अशा लहान वासराला सरकी घालू नये.

2015 साली 35 देशांतल्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातल्या 742 नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. मुख्य जिवाणू सगळीकडे बहुतांशी सारखेच निघाले. पण एखादा दुर्मीळ जिवाणूही केवढा फरक पाडतो, हे सुबाभळीने दाखवले आहे. आपल्याकडे मणिभाई देसाईंच्या 'बाएफ' या संस्थेने हिचा चाऱ्यासाठी प्रसार केला. तिच्या पाल्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या गुरांचे केस गळत, गलगंड होई. हवाईतल्या शेळ्यांना मात्र काहीच होत नसे. शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी कारण शोधले ते शेळ्यांच्या कोटीपोटात. तिथले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले आणि विषबाधा टळली. 1992 मध्ये त्यातल्या एका जिवाणूला सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळाले.

चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा बदलावा. नव्या चाऱ्याला लागणारे सूक्ष्मजीव वाढायला तेवढा वेळ लागतोच.