कल्पित लोक आणि त्यांची संस्कृती

चार-पाच माणसे एका मेजाभोवती बसतात. त्यांतील एकजण सूत्रधार होतो आणि बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, पात्रे आपण काय करणार ते सांगतात, आणि जेथे यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय केला जातो. या खेळाला रंगमंच लागत नाही की लिहिलेली संहिता लागत नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने त्याचे नियम प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून तो देशोदेशी पसरला. छापील जग विकत घेऊन तो खेळता येतो. परंतु पुष्कळ सूत्रधारांना स्वतःचे जग रचण्याची हौस असते. अशा रचनाकारापुढे पहिल्याच दिवशी प्रश्न उभा राहतो तो असा, की या जगात राहते कोण? प्रश्न खेळातला खरा. पण तो जितका साहित्याचा तितकाच समाजशास्त्राचाही आहे, आणि म्हणूनच प्रस्तुत लेखात त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

या खेळातील लोकांचे ठरीव नमुने बव्हंशी टॉल्किन यांच्या कथांतून आले. ‘द हॉबिट’ १९३७ साली आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ साली प्रसिद्ध झाली. दीर्घायुषी, वनप्रिय एल्फ. पर्वताच्या पोटात राहणारे बुटके, कसबी ड्वॉर्फ. क्रूर, कुरूप ऑर्क – ही मंडळी तेथून खेळात आली. मात्र येताना त्यांच्यामागची भाषा, इतिहास आणि शोक हे सारे मागे राहिले; हाती उरली ती केवळ गुणावगुणांची यादी. ड्वॉर्फ म्हटला की चिवट व लोभी, एल्फ म्हटला की सुंदर व गर्विष्ठ, ऑर्क म्हटला की दुष्ट. या गटांना इंग्रजीत जो शब्द योजिला गेला त्याचा मराठी अर्थ ‘वंश’ असा होतो, आणि या एका शब्दाने रक्त व रीत या दोन भिन्न गोष्टी एकत्र बांधून टाकल्या.

पुढे खुद्द खेळाच्या नियमांनीच ही गाठ सैल केली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. २०१४ सालच्या नियमपुस्तकात पात्राच्या वंशावरून त्याच्या गुणांकांत भर पडे. ड्वॉर्फ कुळात जन्मला की त्याच्या काटकपणात दोन अंक वाढत. २०२४ सालच्या पुस्तकात ‘वंश’ हा शब्द काढून त्याजागी ‘प्रजाती’ या अर्थाचा शब्द घातला गेला आणि गुणांकांची भर पात्राच्या पूर्वायुष्याशी, म्हणजे त्याने कोठे काय काम केले याच्याशी, जोडली गेली. अंधारात दिसणारे डोळे शरीराबरोबर येतात. पण हिशेबात चोख असणे, पाहुण्याचा आदर करणे किंवा शत्रुत्व जपणे हे माणूस शिकतो. कल्पित लोक घडवताना शरीर आणि संस्कृती ही दोन खाती निरनिराळी ठेवावीत, हेच या लेखाचे मुख्य प्रतिपाद्य आहे.

कोणी म्हणेल, खेळच तो. त्यात ऑर्क जन्मतः दुष्ट मानले म्हणून काय बिघडले? आमच्या मते दोन गोष्टी बिघडतात. पहिली कलेची. ज्याच्यापुढे निवड नाही त्याच्यापाशी नाट्यही नाही. जो दुष्टच असणार त्याच्याशी बोलण्याचे पात्रांना कारण उरत नाही, फक्त मारण्याचे उरते. टॉल्किन यांनाही ही अडचण जाणवली होती. ऑर्कांची उत्पत्ती कशी सांगावी याचा त्यांनी उत्तरायुष्यात पुनःपुन्हा विचार केला, पण समाधानकारक उत्तर त्यांना शेवटपर्यंत सापडले नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अख्खी जमात जन्मतः गुन्हेगार असते ही कल्पना आपल्या देशात केवळ कल्पना राहिलेली नाही. १८७१ साली ब्रिटिश सरकारने तिचा कायदा केला. अनेक जमातींच्या कपाळी जन्माबरोबर गुन्हेगारीचा शिक्का बसला. हजेरी, पहारा आणि बंदिस्त वसाहती त्यांच्या नशिबी आल्या. हा शिक्का पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ ही आत्मकथने वाचलेल्या मराठी वाचकाला, कायदा गेला तरी नजर किती काळ तशीच राहते, हे निराळे सांगावयास नको. खेळाच्या मेजावर आपण जी नजर सरावाने अंगवळणी पाडतो ती मेजापुरतीच राहील, अशी खात्री आम्हांस देता येत नाही.

मग लोक घडवावेत कसे? आमची सूचना अशी की, स्वभावापासून आरंभ न करता ताटापासून करावा. ड्वॉर्फांचेच उदाहरण घेऊ. ते डोंगराच्या पोटात राहतात. तेथे ऊन नाही, म्हणून धान्य पिकत नाही; अर्थात ते खोऱ्यातील शेतकऱ्यांकडून आणावे लागते. हिवाळ्यात बर्फाने घाट बंद होतो, तेव्हा चार महिन्यांचा साठा आधीच करून ठेवावा लागतो. मग अशा नगरीत खरी सत्ता कोणाची? मुकुटधारी राजाची की कोठाराच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या कोठीवाल्याची? ज्यांना ‘लोभी’ म्हणून हिणवले जाते ते वस्तुतः उपासमारीची आठवण विसरू न शकणारे लोक आहेत, असे येथे दिसू लागते. त्यांच्यात अन्न टाकणे हे चोरीहून मोठे पाप ठरेल. पाहुण्याला सोन्याऐवजी मूठभर गहू देणे हा सर्वोच्च सन्मान ठरेल. आणि लग्नाच्या बोलण्यांत वधूवरांच्या रूपापेक्षा कोणत्या घरी किती मापे आहेत याची चौकशी आधी होईल.

आता त्यांच्या भट्टीकडे वळू. लोखंड गाळावयाचे तर कोळसा हवा. दगडी कोळसा सापडला नसेल तर लाकूड जाळून तो करावा लागतो, आणि त्यासाठी पुष्कळ जंगल तोडावे लागते. जंगलात एल्फ राहतात. ड्वॉर्फ आणि एल्फ यांचे जुने वैर छापील पुस्तकांत बहुधा स्वभावभेदाने सांगितलेले असते. येथे त्याला एक साधे, समजण्याजोगे कारण मिळाले. शिवाय कारण मिळाले की तोडगाही संभवतो. तोडीचा करार होऊ शकतो, तो कोणी चोरून मोडू शकतो, आणि पात्रांना त्यात मध्यस्थी करता येते. रक्तात असलेल्या वैराला तोडगा नसतो; पोटासाठी निर्माण झालेल्या वैराला असतो.

शरीरातला एखादा भेद ठेवावयाचा असेल तर तो एकच घ्यावा आणि शेवटपर्यंत निभवावा. अर्सुला ले ग्विन यांनी ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ या १९६९ सालच्या कादंबरीत हे उत्तम रीतीने केले आहे. तेथील माणसे कायमची स्त्री किंवा पुरुष नसतात, एवढाच भेद त्यांनी घेतला आणि त्याचे पडसाद कुटुंबात, राज्यकारभारात, म्हणींत आणि युद्धाच्या अभावात शोधले. त्या मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या कन्या होत्या, ही गोष्ट येथे सहज आठवते. याच न्यायाने एल्फांच्या हजार वर्षांच्या आयुष्याकडे पाहावे. बाप हजार वर्षे जगला तर मुलाला वारसा केव्हा मिळणार? ज्या तहावर माणसांच्या तीस पिढ्यांपूर्वी सह्या झाल्या, त्यावर सही करणारा एल्फ अजून जिवंत असेल. माणसांना जो इतिहास वाटतो ती त्याची व्यक्तिगत आठवण असेल. त्याची भाषाही सावकाश बदलेल. ज्ञानेश्वरांच्या काळची मराठी बोलणारा कोणी आज आपल्या ओसरीवर येऊन बसला तर आपणांस जसे वाटेल, तसे माणसांना त्याचे बोलणे ऐकून वाटेल.

भाषेचा विषय निघाला म्हणून नावांविषयी दोन शब्द. टॉल्किन मूळचे भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी भाषा आधी रचल्या आणि त्या बोलणाऱ्यांसाठी कथा मागून रचली. क्वेन्या या भाषेवर फिनिशची आणि सिंदारिनवर वेल्शची छाया आहे. प्रत्येकाला इतके साधणार नाही. तथापि एका लोकांच्या नावांत ट, ड, ळ हे वर्ण वारंवार यावेत, दुसऱ्यांच्या नावांत ते मुळीच येऊ नयेत, एवढे पथ्य पाळले तरी नाव कानी पडताच माणूस कोठला ते खेळणाऱ्यास कळते. शिवाय प्रत्येक लोकांना दोन नावे असावीत : एक त्यांनी स्वतःला दिलेले, दुसरे शेजाऱ्यांनी दिलेले. कोकणातील बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. या दोन शब्दांत व्यवसाय, धर्म आणि शेजाऱ्यांचे कुतूहल ही तिन्ही सामावली आहेत. गावांचेही तसेच. बेळगाव की बेळगावी, बडोदे की वडोदरा, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना, एका गावाच्या दोन नावांत किती इतिहास आणि किती अभिमान साठलेला असतो, हे शिकवावे लागत नाही.

आणखी एक पथ्य. कोणतेही लोक एकमताचे नसतात. तंजावर, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी घरे एकाच भाषेची. पण त्यांच्या स्वयंपाकाची, पोशाखाची आणि बोलीची वळणे भिन्न झाली, आणि एकाच शहरातील दोन घरांतही सोवळ्याओवळ्याविषयी मतभेद असतात. तेव्हा कल्पित लोकांची प्रत्येक चाल तीन तऱ्हांनी पाहावी : ती निष्ठेने पाळणारा, ती कंटाळून पाळणारा, आणि ती मोडणारा. कोठारातले धान्य खोऱ्यातल्या दुष्काळग्रस्तांना वाटावे असे म्हणणारा ड्वॉर्फ निर्माण केला की सारी नगरी जागी होते. रीत मोडूनही तो ड्वॉर्फच राहतो का, त्याचे लोक त्याला आपला म्हणतात का, या प्रश्नांपाशी उत्तम खेळ सुरू होतो.

हे सारे लिहून काढताना मात्र संयम हवा. खेळ दोन-तीन तासांचा. चाळीस पानांचे वर्णन कोणी ध्यानात ठेवीत नाही. प्रत्येक लोकांसाठी एक पान पुरे. ते काय खातात, कशाची शपथ घेतात, कशाची वाच्यता करीत नाहीत, आपसांत कशावरून भांडतात आणि शेजारी त्यांना काय म्हणतात, एवढे त्यात असावे. खऱ्या जगातील एखाद्या जमातीला नुसता मुखवटा चढवून मेजावर आणणे टाळावे. घ्यावयाचे ते कार्यकारणाचे सूत्र घ्यावे, कोणाचे दैवत किंवा वेष उचलू नये. शेवटी कसोटी एकच आहे. मेजाभोवती बसलेल्या एखाद्या खेळाडूला त्या लोकांत आपला जन्म झाला असता तर आपणही असेच वागलो असतो असे वाटले, तर रचना साधली. परक्याच्या वागण्याला कारण असते, हे ज्याला खेळात एकदा उमगले, तो उद्या आपल्या गल्लीत नव्याने राहावयास आलेल्या बिऱ्हाडाकडेही थोड्या निराळ्या डोळ्यांनी पाहील, अशी आमची आशा आहे.