वाटीभर हॉप्स

शेजारणीनं वाटीभर साखर मागितली तर आपण भाव सांगत नाही. पण ती वाटी मागणारा उद्या आपलंच गिऱ्हाईक ओढणार असेल तर? २००८ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बॉस्टन बिअर कंपनीपुढे हाच प्रश्न होता.

तेव्हा हॉप्सची टंचाई होती. हॉप्स म्हणजे उंच वेलींवर लागणारी हिरवी, पापुद्र्यांची बोंडं. बोटांत चुरडली की पिवळी, चिकट पूड हाताला लागते; बिअरचा कडवटपणा आणि वास त्या पुडीतला. बरीच वर्षं भाव पडलेले, म्हणून शेतकऱ्यांनी लागवड कमी केली होती. त्यात युरोपातलं पीक हुकलं आणि २००६ साली अमेरिकेतल्याच याकिमा इथलं हॉप्सचं एक गोदाम जळालं. मोठ्या बिअर कंपन्यांचे खरेदीचे करार काही वर्षं आधीच झालेले असतात. अडल्या त्या गरजेपुरता माल उचलणाऱ्या ब्रुअऱ्या, म्हणजे बिअरचे छोटे कारखाने.

बॉस्टन बिअरचे संस्थापक जिम कुक यांनी आपल्या साठ्यातले २० हजार पौंड, म्हणजे सुमारे ९ हजार किलो हॉप्स खरेदीच्याच भावानं छोट्या ब्रुअऱ्यांना देऊ केले. बाजारभाव कितीतरी वर होता. तरी चौकशी, पुरावे काही नाही. खरी गरज असेल तरच मागा, बाकी तुमच्या मनाला विचारा, एवढंच सांगणं. मागण्या इतक्या आल्या की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

यात हिशेबही होता. अमेरिकेच्या बिअर बाजारात ‘क्राफ्ट’वाल्यांचा, म्हणजे अशा छोट्या ब्रुअऱ्यांचा, वाटा तेव्हा अगदी थोडा होता. बारमधले छोट्यांचे नळ बंद पडले असते, तर ती जागा बड्या कंपन्यांनीच घेतली असती.

कुक यांना उमेदवारीचे दिवस आठवत होते. १९८४ साली सल्लागाराची चांगली नोकरी सोडून त्यांनी पणजोबांच्याही वडिलांची जुनी कृती घरच्या स्वयंपाकघरात करून पाहिली. बँका कर्ज देईनात, वितरक माल घेईनात. मग ब्रीफकेसमध्ये गार बाटल्या भरून ते एकेका बारची पायरी चढले. त्या बिअरचं नाव सॅम्युएल अ‍ॅडम्स.

पुढे कंपनी मोठी झाली, समाजकार्यही आलं. एकदा कर्मचाऱ्यांसह ते एका समाजकेंद्राच्या भिंती रंगवायला गेले. रंग यथातथाच लागला, आणि एवढ्या मोठ्या पगाराच्या माणसांचा दिवस त्यात गेला! आपल्याला येतं ते द्यावं, हे कुक यांच्या मनानं तिथं घेतलं. २००८ मध्येच ॲक्सियन या सूक्ष्मकर्ज संस्थेबरोबर त्यांनी खाद्यपेयांच्या छोट्या धंद्यांसाठी योजना काढली. तिच्यात कर्ज होतंच, पण गर्दी व्हायची ती सल्ल्याच्या टेबलांशी. लोणची, केक, सॉस घेऊन आलेला उद्योजक वीसेक मिनिटं एका जाणकारासमोर बसतो: लेबल कसं हवं, किंमत किती लावू, मोठ्या दुकानात कुणाला भेटू? वेळ संपली की पुढचं टेबल. २०१२ पासून नवख्या ब्रुअरांनाही कंपनीनं आपल्या कारखान्यात शिकायला बोलावलं.

कंपनीची यात जाहिरात होते, हे खरं. पण जाहिरात फलकानंही झाली असती. नवख्याला अडतं ते करार, ओळखी आणि चुकत चुकत आलेलं शहाणपण यांवाचून. ते दुकानात विकत मिळत नाही. शेजाऱ्याच्याच डब्यात असतं.