उक्ता सौदा : स्कीच्या डोंगरावरील तिकीट, पास आणि सवलतपत्र

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात व्हेल येथील डोंगर १५ डिसेंबर १९६२ रोजी स्कीच्या खेळासाठी प्रथम खुला झाला, तेव्हा दिवसभराच्या लिफ्टच्या तिकिटाला ५ डॉलर पडत. २०२४-२५ च्या हंगामात त्याच डोंगरावर, गर्दीच्या दिवशी खिडकीपाशी उभे राहून घेतलेले एका दिवसाचे तिकीट ३२५ डॉलरांच्या वर गेले. ही वाढ केवळ महागाईने उलगडत नाही. १९६२ चे ५ डॉलर आजच्या हिशेबाने फार तर ५०-५५ डॉलर होतील. परंतु ह्याहून चमत्कारिक गोष्ट निराळीच आहे. त्याच हंगामासाठी त्याच कंपनीचा ‘एपिक’ नावाचा पास आरंभीच्या विक्रीत ९८२ डॉलरांना मिळत होता. आणि तो घेणाऱ्यास व्हेलच नव्हे, तर कंपनीच्या मालकीच्या इतर कित्येक डोंगरांवर सबंध हिवाळाभर जाण्याची मुभा होती. अर्थात् जेवढ्या पैशांत एकजण तीन दिवस खेळतो, जवळजवळ तेवढ्यातच दुसरा साडेचार-पाच महिने खेळू शकतो.

ह्या तफावतीला व्यवहारात ‘सवलत’ म्हणतात. पैसे वाचविण्याचा मार्ग म्हणून तिची जाहिरातही होते, आणि पैसे वाचतातही. तथापि हा शब्द व्यवहाराचे खरे स्वरूप झाकून ठेवतो. सवलत म्हणजे विकणाऱ्याने सोडलेला पैसा. स्कीच्या पासात विकणारा पैसा सोडतो हे खरे, पण त्याच्या मोबदल्यात घेणाऱ्याकडून काही घेतोही. ते काय घेतो हे ज्याला समजले, त्यालाच आपला पैसा वाचतो की नाही हे ठरविता येईल.

प्रथम वस्तूचाच विचार करू. स्की खेळणारा बर्फाच्या उतारावरून पायांना बांधलेल्या लांब पट्ट्यांवर घसरत खाली येतो. खाली येणे हे गुरुत्वाकर्षणाचे काम, ते फुकट होते. पैसे पडतात ते वर जाण्याचे. डिसेंबर १९३६ मध्ये आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे खुर्च्या टांगलेला पहिला रज्जुमार्ग सुरू झाला. तो युनियन पॅसिफिक रेल्वेच्या जेम्स करन ह्या अभियंत्याने रचला, आणि त्याची कल्पना त्याला जहाजांवर केळ्यांचे घड चढविण्याच्या यंत्रावरून सुचली. घडाच्या जागी माणूस बसविला, एवढाच काय तो फरक! रज्जुमार्ग उभारण्याचा, तो चालविण्याचा व उतार सारखे करण्याचा खर्च वर जाणारे दहा असोत की दहा हजार, फारसा बदलत नाही. उत्पन्न मात्र सर्वस्वी बर्फावर अवलंबून असते. बर्फ उशिरा पडला, नाताळात ऊन पडले, की वर्षाचा हिशेब कोलमडतो.

आता शब्दांकडे वळता येईल. ‘तिकीट’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत व तेथून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ एखाद्या वस्तूला चिकटविलेली चिठ्ठी. तिकीट एका प्रसंगाचे असते. ‘पास’ म्हणजे जाऊ देण्याचा परवाना. त्यात प्रसंग मोजलेला नसतो, माणूस नेमलेला असतो. म्हणूनच स्कीच्या पासावर धारकाचे छायाचित्र असते व तो दुसऱ्यास देता येत नाही. मुंबईच्या उपनगरी गाडीने जाणारा ज्याला ‘पास’ म्हणतो, त्याला रेल्वेच्या दप्तरात ‘सीझन तिकीट’ असे नाव आहे. पण बोलणाऱ्यांनी योग्य शब्दच उचलला, कारण तेथेही फेऱ्या मोजल्या जात नाहीत. फरक इतकाच की चाकरमान्याला उद्या कचेरीत जायचे आहे हे ठाऊक असते. स्कीच्या पासधारकाला पुढच्या जानेवारीत बर्फ असेल की नाही, रजा मिळेल की नाही, गुडघा धड राहील की नाही, ह्यांपैकी काहीच ठाऊक नसते.

फ्रेंच भाषेने ह्या वस्तूला दिलेले नाव सर्वांत प्रामाणिक आहे. आल्प्समधील फ्रेंच भाषक लिफ्टच्या अशा परवान्याला ‘फोर्फे’ म्हणतात; त्याचा अर्थ आधी ठरवून टाकलेली एकरकमी किंमत. मराठीत ह्यासाठी नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘उक्ता’. काम उक्ते देतात, बाग उक्ती विकतात. विदर्भातील संत्र्याचा बागाईतदार फळ झाडावर असतानाच बाग उक्ती देतो, तेव्हा त्याला बाजारभावापेक्षा कमी पैसे मिळतात. पण ते आज मिळतात, आणि उद्या गारपीट झाली तर तोटा घेणाऱ्याचा होतो. स्कीच्या पासाचे स्वरूप हुबेहूब हेच आहे. कंपनी बागाईतदाराच्या जागी, पास घेणारा व्यापाऱ्याच्या जागी आणि बर्फ फळाच्या जागी. ज्याला सवलत म्हणतात ती बर्फाची जोखीम उचलल्याबद्दल घेणाऱ्याला मिळालेली भरपाई होय.

हा सौदा आजच्या रूपात फार जुना नाही. १९९८ साली आयडाहोतील बोगस बेसिन ह्या लहानशा डोंगराने आपल्या हंगामी पासाची किंमत सुमारे ५०० डॉलरांवरून एकदम १९९ वर आणली. घेणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की एकूण उत्पन्न घटण्याऐवजी फुगले, आणि तेही पहिला बर्फ पडण्यापूर्वी. त्याच वर्षी कोलोरॅडोतील विंटर पार्कने चौघांनी मिळून ८०० डॉलरांत घ्यावयाचा पास काढला व शेजारच्या डोंगरांना किंमती उतरविणे भाग पडले. २००८ मध्ये व्हेल रिझॉर्ट्स कंपनीने ५७९ डॉलरांचा एपिक पास काढला. त्यात अनेक डोंगर व वर्ज्य दिवस एकही नाही, ही नवी गोष्ट होती. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या आल्टेरा कंपनीने २०१८ पासून ‘आयकॉन’ हा प्रतिस्पर्धी पास आणला. व्हेल कंपनीच्या डोंगरांवरील भेटींपैकी सुमारे तीन चतुर्थांश भेटी आता हंगामापूर्वीच पैसे भरलेल्यांच्या असतात. खिडकीवरील किंमत ही मग विक्रीची किंमत राहतच नाही. ती पासाकडे वळविण्यासाठी उभारलेली पाटी होते. मात्र जो अजाणतेपणी तेथे येऊन उभा राहतो, त्याला ती खरोखरच मोजावी लागते.

अनेक डोंगरांचा एक पास म्हटला की मिळालेला पैसा डोंगराडोंगरांत वाटावा कसा, हा प्रश्न येतो. आणि त्यापायी एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. कोलोरॅडोतीलच ॲस्पेन गावी १९६२ साली तीन वेगवेगळ्या मालकांचे तीन डोंगर होते. त्यांनी मिळून सहा कूपनांचे एक पुस्तक काढले. कूपन कोणत्याही डोंगरावर चाले, पण ठरावीक मुदतीत संपवावे लागे. कोणत्या डोंगरावर किती कूपने जमली ह्यावरून पैसा वाटला जाई. हिशेब सरळ होता. पुढे एका कंपनीकडे चारांपैकी तीन डोंगर आले व चौथा, ॲस्पेन हायलँड्स, स्वतंत्र राहिला. १९७१-७२ पासून कूपने जाऊन गळ्यात अडकविण्याचे तिकीट आले. गळ्यातले तिकीट खेळणाऱ्याला सोयीचे, पण ते कोठेच जमा होत नाही! तेव्हा कोण कोणत्या डोंगरावर गेला हे ठरविण्यासाठी खेळणाऱ्यांची नमुना-पाहणी करावी लागे. त्या पाहणीप्रमाणे हायलँड्सचा वाटा १९७४-७५ मध्ये १८.५ टक्के, तर १९७६-७७ मध्ये १३.२ टक्के निघाला. मोठ्या कंपनीने पाहणीवर शंका घेऊन ठरीव वाट्याचा आग्रह धरला. एका हंगामापुरते १५ टक्क्यांवर जुळले. १९७८-७९ साठी १२.५ टक्क्यांचा प्रस्ताव आला, तो हायलँड्सने नाकारला, आणि सामाईक तिकीट बंद पडले.

ह्यानंतरची घटना ह्या विषयाच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावी. हायलँड्सने स्वतःचे जोडतिकीट काढून त्यात दुसऱ्या डोंगरांच्या दिवसाच्या तिकिटाएवढ्या पूर्ण किंमतीच्या हुंड्या घातल्या. मोठ्या कंपनीने त्याही घेण्याचे नाकारले. म्हणजे पूर्ण दराने येणारा पैसा तिने परत पाठविला! हायलँड्सचा बाजारातील हिस्सा १९७६-७७ मधील २०.५ टक्क्यांवरून १९८०-८१ पर्यंत ११ टक्क्यांवर घसरला. ज्यूरीने २५ लाख डॉलरांची नुकसानी ठरविली व मक्तेदारीविरोधी कायद्यानुसार ती तिप्पट झाली. १९ जून १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय एकमताने कायम केला; निकालपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स ह्यांनी लिहिले. आपला तात्कालिक लाभही सोडून जो प्रतिस्पर्ध्याला बाजूस सारतो, त्याचा हेतू व्यापारी कार्यक्षमतेचा म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. हा खटला कायद्याच्या वर्गांत शिकविला जातो; पण सामाईक पास खेळणाऱ्याला किती हवासा असतो, ह्याचाही तो उत्तम पुरावा आहे. तो तसा नसता, तर त्यातून वगळला गेल्यामुळे एक अख्खा डोंगर अडचणीत आला नसता.

आज खेळणाऱ्यापुढे जे पर्याय आहेत ते सर्व ह्याच सौद्याचे कमीअधिक पातळ केलेले प्रकार होत. पूर्ण हंगामाचा पास हा सर्वांत दाट. त्याच्या खालोखाल वर्ज्य दिवस असलेले स्वस्त पास. नाताळचा आठवडा, जानेवारी व फेब्रुवारीतील राष्ट्रीय सुट्ट्यांचे शनिवार-रविवार त्यातून वगळलेले असतात. ज्याची रजा शाळेच्या सुटीशी बांधलेली नाही, त्याला ह्यात निव्वळ लाभ आहे. मग मोजक्या दिवसांचे पास येतात. व्हेल कंपनीचा एक ते सात दिवसांचा पास असा आहे, आणि हंगामापूर्वी घेतल्यास त्याचा दिवसाचा दर खिडकीच्या दरापेक्षा पुष्कळच कमी पडतो. ‘माउंटन कलेक्टिव्ह’ ह्या पासात सहभागी असलेल्या प्रत्येक ठिकाणी दोन दिवस व नंतरचे दिवस निम्म्या दराने मिळतात. २०१९ पासूनचा ‘इंडी’ पास स्वतंत्र, बहुधा लहान डोंगरांवर प्रत्येकी दोन दिवस देतो. खरी सवलतपत्रे, म्हणजे थोडे पैसे भरून घ्यावयाची व प्रत्येक वेळी तिकिटावर सूट देणारी कार्डे, ह्यांत जोखीम सर्वांत कमी आणि बचतही बेताची. कोणत्याही प्रकाराविना, केवळ काही दिवस आधी संकेतस्थळावरून घेतलेले तिकीटही खिडकीपेक्षा स्वस्त असते.

हिशेब करताना बहुतेकजण पासाच्या किंमतीला खिडकीच्या दराने भागतात व ‘तीन दिवसांत पैसे वसूल’ असे समाधान मानतात. ही भागाकाराची चूक नसली तरी भाजकाची आहे. खिडकीच्या दराने जो कधीच गेला नसता, त्याची त्या दराशी तुलना करून बचत काढणे व्यर्थ होय. पास नसता तर तो जे करता, म्हणजे शेजारच्या लहान डोंगरावरचे ९० डॉलरांचे तिकीट घेता किंवा घरीच बसता, त्याच्याशी पासाची तुलना हवी. ९० ने भागले की ९८२ डॉलरांच्या वसुलीला तीन नव्हे, अकरा दिवस लागतात. शिवाय मुदतीचा प्रश्न असतो. पासांच्या किंमती वसंतात सर्वांत कमी असतात, पुढे टप्प्याटप्प्याने चढतात, आणि एपिकची विक्री डिसेंबरच्या आरंभी बंद होते. म्हणजे बर्फ पाहून निर्णय घेऊ म्हणणाऱ्याला हा सौदा मुळी करताच येत नाही. बर्फ दिसण्यापूर्वी पैसे देणे हेच तर त्याचे मर्म आहे.

जोखमीचे ओझे खरोखर कोणाच्या खांद्यावर होते, हे मार्च २०२० मध्ये उघड झाले. महामारीमुळे डोंगर हंगामाच्या मध्यावरच बंद झाले. दिवसाचे तिकीट घेणाऱ्याचे फारसे काही गेले नाही. पासधारकांचे उरलेले आठवडे गेले. व्हेल कंपनीने पुढील वर्षाच्या पासात निदान २० टक्के वळते करून दिले, आणि नंतर डोंगर बंद पडणे, दुखापत, नोकरी जाणे अशा कारणांसाठी परताव्याची तरतूद पासातच घातली. बर्फ कमी पडला, एवढे कारण मात्र तीत बसत नाही. २०२१ मध्ये त्याच कंपनीने किंमती २० टक्क्यांनी उतरविल्या, तेव्हा सुमारे २१ लाख पास विकले गेले आणि रांगांबद्दल ओरड झाली. गर्दीचा दाम कोणत्याही पासावर छापलेला नसतो. कोलोरॅडोतील अरापाहो बेसिन ह्या डोंगराने तर गर्दी व गाड्या उभ्या करण्याची अडचण ह्यांसाठी २०१९ मध्ये एपिक पासातून अंग काढून घेतले.

स्वित्झर्लंडमध्ये हाच सौदा अधिक उघडपणे मांडला गेला. २०१६ च्या शरदात सास-फे ह्या गावाने, ९९,९९९ माणसे तयार झाल्यास हंगामी पास २२२ फ्रँकला देऊ, असे जाहीर केले. तेवढी माणसे मिळाली नाहीत, तरी गावाने पास दिला. पुढच्याच वर्षी देशाच्या फ्रेंच भाषक भागातील पंचवीस डोंगरांनी एकत्र येऊन ३५९ फ्रँकचा ‘मॅजिक पास’ काढला. त्यात लहान डोंगरच अधिक होते, आणि त्यांना एकेकट्याने असे काही करणे शक्य नव्हते.

ह्या सर्व व्यवस्थेत ज्याला जागा उरली नाही तो म्हणजे नवखा माणूस, ज्याला हा खेळ आपल्याला जमेल की नाही हे एक दिवस करून पाहावयाचे आहे. त्याला उक्ता सौदा नको असतो, किरकोळ माल हवा असतो, आणि किरकोळीचा भावच सर्वांत चढा. कंपन्यांच्याही हे लक्षात आले असावे. २०२५-२६ च्या हंगामासाठी व्हेल कंपनीने पासधारकांना आपल्या मित्रांसाठी निम्म्या दराची तिकिटे देऊ केली. आणि मित्राने त्या तिकिटासाठी मोजलेले पैसे पुढील हंगामाच्या पासात वळते करून घेण्याची सोयही तिने त्याच योजनेत ठेवली.