शिक्षकाचा पगार आणि गांवची मालमत्ता

मुलाला शिकविणाऱ्याचें वेतन त्या मुलाच्या गांवांतील घरां-जमिनींच्या किंमतीवर ठरावें काय? अमेरिकेंत बऱ्याच अंशीं तें तसेंच ठरत आलें आहे. तेथें शाळांचे बहुतेक इलाखे आपल्या मालमत्तेवर कर बसवितात व त्यांतून शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा उचलतात. टेक्सासांतील सॅन अँटोनिओ येथें १९६७-६८ सालीं एजवुड या गरीब इलाख्यानें शंभर डॉलरांच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर घेतला. हातीं आले दर मुलामागें २६ डॉलर. शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्सनें ८५ सेंटच घेऊन ३३३ डॉलर मिळविले. कर जास्त देणाराच्या पदरीं पैसा कमी! पालकांनीं दाद मागितली. १९७३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ती नाकारली.

बुलढाणा जिल्ह्यावर ही आपत्ति आली नाहीं. १९६१ च्या कायद्यानें जिल्हा परिषदा झाल्या, आणि त्यांच्या शिक्षकांचें वेतन राज्याच्या अनुदानांतून येतें. खामगांवच्या कापूसबाजाराशेजारीं शिकविणारा व सातपुड्याच्या पायथ्याशीं संग्रामपूर तालुक्यांत शिकविणारा, दोघांची वेतनश्रेणी एकच. ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु समोरच्या दारानें घालविलेली विषमता मागच्या दारानें आंत आली, तें दार म्हणजे 'कायम विनाअनुदान' हें धोरण. सरकार पैसा देणार नाहीं, या अटीवर शाळांना परवानगी मिळाली. मग शिक्षकाचा पगार संस्थेवर, संस्था फीवर, आणि फी पालकाच्या कापूस-सोयाबीनवर! २००९ सालीं 'कायम' हा शब्द गाळण्यांत आला. (सरकारी कागदांतील 'कायम' किती दिवस टिकतो, हें वकिलांनीं ध्यानांत ठेवावें.) २०१६ पासून वीस टक्क्यांच्या टप्प्यानें अनुदान सुरू झालें. पण उरलेले ऐंशी टक्के कोणी द्यावयाचे? पैसेवाल्या शहरांतील संस्था ते कदाचित् फींतून भरून काढील. लोणारच्या कोरडवाहू खेड्यांतील संस्थेनें ते कोठून आणावे? नियम सर्वांना एकच, परंतु टप्प्याटप्प्यानें थांबण्याचें ओझें मात्र गरीब गांवच्या शिक्षकावर. एजवुडचीच ही वऱ्हाडी आवृत्ति होय.

राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदांत समान कामास समान वेतन हें धोरण सांगितलें आहे. तेव्हां आमची मागणी एवढीच कीं, पुढील प्रत्येक टप्पा देतांना जेथें पालकांची ऐपत कमी त्या तालुक्यांतील शाळा प्रथम घ्याव्यात, आणि त्यांना टप्पे न पाडतां पूर्ण अनुदान द्यावें. जिल्ह्यांतील आमदारांनीं हा प्रश्न येत्या अधिवेशनांत विचारावा.