मेलेल्या सवतीचं घर



कान भरणारी बाई म्हटलं की आपल्यापुढे मंथरा उभी राहते. आणि १९८७ साली दूरदर्शनवर लागलेलं ‘रामायण’ जिनं पाहिलंय, तिच्यापुढे तर ललिता पवारच उभ्या राहतात. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या, येवल्याच्या. ह्याच ललिताबाईंनी त्याच्या कितीतरी आधी, १९६४ साली, ‘कोहरा’ ह्या हिंदी चित्रपटात एका हवेलीतली दाईमा केली होती. वहिदा रहमान त्या हवेलीत नवी नवरी होऊन येते आणि दाईमाच्या सावलीत तिचा जीव घुसमटतो. हा चित्रपट ज्या इंग्रजी कादंबरीवरून घेतला, तिचं नाव ‘रेबेका’. डॅफ्नी द्यू मॉरिए ह्या लेखिकेची ही कादंबरी १९३८ साली आली. १९४० साली हिचकॉकनं तिच्यावर चित्रपट काढला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. आज बोलायचंय ते त्या मूळ गोष्टीबद्दल. पुष्कळ जण तिला भुताची गोष्ट समजतात, पण तिच्यात भूत एकही नाही. एक बाई दुसरीचं मन आतून कसं पोखरते, ते तिच्यात आहे.

आईबाप नसलेली एक तरुण पोर. एका श्रीमंत बाईच्या सोबतीला पगारावर राहिलेली. फिरतीवर असताना तिची गाठ मॅक्सिम डी विंटर ह्या बिजवराशी पडते. वयानं तिच्या जवळजवळ दुप्पट, मोठा जमीनदार. थोड्याच दिवसांत लग्न होतं आणि तो तिला इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या आपल्या वाड्यावर आणतो. वाड्याचं नाव मँडर्ली. त्याची पहिली बायको रेबेका साधारण वर्षापूर्वी समुद्रात बुडून गेली, असं सगळे सांगतात. एक गंमत बघा, ह्या नव्या बायकोला लेखिकेनं अख्ख्या कादंबरीत नावच दिलेलं नाही. नाव आहे ते मेलेलीला, आणि पुस्तकालाही तिचंच.

वाड्याचा सगळा घरकारभार मिसेस डॅन्व्हर्स नावाच्या बाईकडे आहे. रेबेकाला तिनं लहानपणापासून सांभाळलेलं, आणि रेबेका लग्न होऊन आली तेव्हा तीही ह्या घरी आली. मंथरासुद्धा कैकेयीच्या माहेरचीच होती की! पण दोघींची रीत वेगळी. मंथरेनं सरळ भीती घातली. रामाच्या राज्याभिषेकाची बातमी ऐकून कैकेयीनं खुशीत दागिना काढून दिला होता, ती थोड्या वेळात फिरली. डॅन्व्हर्स आवाज चढवत नाही, शिवी देत नाही, कान भरत नाही. ती अदबीनं उभी राहते आणि जे सांगते त्यातलं पुष्कळसं खरं असतं. ‘पूर्वीच्या बाईसाहेब पत्रं सकाळी लिहायच्या.’ ‘त्यांना ह्या फुलदाणीत अमुकच फुलं लागायची.’ आता ह्यात भांडायला जागा कुठं आहे? कुणाला सांगायला जावं तर आपणच कुरकुऱ्या ठरतो. तुलना रोज थोडी थोडी पाजली, की समोरची स्वतःच स्वतःला कमी मापायला लागते. ह्या पोरीचं तसंच होतं. घरातल्या फोनवर कुणीतरी डी विंटर बाईंना विचारतं, तर ती घाईनं सांगून टाकते की त्या तर वारल्या. त्या बाई आता आपणच आहोत, हे तिच्या लक्षातच येत नाही.

मग एक दिवस तिच्या हातून चिनी मातीची एक किमती मूर्ती फुटते. ती तुकडे गोळा करते आणि खणात मागे दडवते. स्वतःच्या घरात! आळ येतो एका नोकरावर, आणि शेवटी तिला नवऱ्यासमोर आणि डॅन्व्हर्ससमोर कबूल करावं लागतं. मला विचाराल तर गोष्टीतली सगळ्यात भीतीदायक जागा ही आहे, पुढची आग नव्हे. कारण इथं डॅन्व्हर्सनं काहीच केलेलं नाही. पोर आपणहून चोरासारखी वागायला लागली आहे.

रेबेकाची खोली डॅन्व्हर्सनं होती तशी ठेवली आहे. अंथरूण घातलेलं, रात्रीचा झगा काढून ठेवलेला, केसांचे ब्रश जागेवर. ती ह्या मुलीला तिथं नेते, रेबेकाच्या कपड्यांना हात लावायला लावते. आपल्याकडेही काही समाजांत दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा रिवाज होता. त्या टाकात मान होता, थोडी भीती होती, पण तो घातला की जिती घरात राहायला मोकळी होत असे. डॅन्व्हर्सला तेच नको आहे. तिनं जिवापाड माया लावली ती एकाच माणसावर, आणि ते माणूस गेलं. तिचं दुःख खोटं नाही. पण त्या दुःखाची किंमत ती दुसऱ्या पोरीकडून वसूल करते आहे.

सगळ्यात मोठा घाव ती मदतीच्या रूपानं घालते. वाड्यावर सोंगं घेऊन यायची मेजवानी ठरते. डॅन्व्हर्स सुचवते, जिन्याजवळच्या त्या जुन्या तसबिरीतल्या बाईसारखा पोशाख करा. पोर खुलते, कुणीतरी आपलं म्हणून सल्ला दिला! ती नटून जिना उतरते आणि नवरा पांढराफटक पडतो, तिच्यावर ओरडतो, आत जा, कपडे बदल. मागच्या मेजवानीला रेबेकानं नेमका तोच पोशाख केलेला असतो. दुसऱ्या दिवशी, पुरती कोलमडलेली असताना, डॅन्व्हर्स तिला खिडकीशी उभी करते आणि हळू आवाजात सांगते, तुझं इथं काय आहे, उडी मार, सगळं संपेल. पोर उडी मारायच्या बेतात असते. तेवढ्यात समुद्रावर एक जहाज अडकतं, धोक्याचे बार उडतात आणि तिला भान येतं.

इथं जरा थांबते. असा विचार कुणाच्या मनात घोळत असेल, कुणीही तो घातलेला असो, तर १४४१६ हा सरकारी ‘टेलि-मानस’चा क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्री लागतो, मराठीतून बोलता येतं. आणि घरात टोमणे, अपमान, मूल होत नाही म्हणून हिणवणं असा छळ असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तोही हिंसाच धरला आहे. आधी ह्या कायद्यात मुख्यतः पुरुषांविरुद्ध तक्रार होई. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले, म्हणजे छळणारी घरातली बाई असली तरी तक्रार करता येते. १८१ ह्या महिला मदत क्रमांकावर पुढची वाट सांगतात.

आता नवरा. तो पहिलीबद्दल एक अक्षर बोलत नाही. त्यानं तोंड मिटलेलं, म्हणून ही समजते की त्याचा जीव अजून रेबेकातच आहे. डॅन्व्हर्सचं सगळं बळ ह्याच गैरसमजावर उभं आहे. शेवटी तो सांगतो: माझं तिच्यावर प्रेम नव्हतं, मला तिचा तिरस्कार होता, आणि मीच तिला गोळी घातली. (चित्रपटात तो अपघात दाखवलाय. बायकोला मारून नवरा सुटतो, हे त्या वेळच्या अमेरिकी नियमांत बसत नव्हतं.) ऐकल्यावर हिला वाटतं ते हायसं! नवरा खुनी आहे ह्यापेक्षा, त्याचं तिच्यावर प्रेम नव्हतं, एवढंच हिच्या कानांत शिरतं. तिला धीर आला ह्याचा आनंद मानावा, की तो असा आला ह्याची धास्ती घ्यावी? मी तरी धास्तीच घेते. रेबेका खरी कशी होती, हे आपल्याला तिच्या तोंडून कधीच ऐकायला मिळत नाही.

पुढे वाडा जळतो. पण त्याच्या आधीची एक छोटी जागा मला फार आवडते. नवऱ्यानं सगळं सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. डॅन्व्हर्सकडून रोजच्यासारखी जेवणाच्या पदार्थांची यादी येते, आणि तीत कालचेच गार पदार्थ असतात. इतके दिवस ह्या पोरीनं त्या यादीला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. ती त्यावर काट मारते आणि काहीतरी गरम करायला सांगते. डॅन्व्हर्स वर येऊन म्हणते, पूर्वीच्या बाईसाहेब असा निरोप नोकराबरोबर पाठवत नसत. ही शांतपणे सांगते, त्या काय करत ह्याच्याशी मला कर्तव्य नाही, आता ह्या घरची बाई मी आहे.